शवविच्छेदन आणि विद्यार्थ्यांची उपस्थिती

वैद्यकीय विद्यार्थ्याचा मृतदेहाशी संबंध दोन ठिकाणी येतो : शरीररचनाशास्त्राच्या विच्छेदनगृहात आणि शवागारालगतच्या शवविच्छेदनगृहात. दोन्हीकडे मृतदेह हाच गुरू असला, तरी नीतीचा प्रश्न सारखा नाही.

विच्छेदनगृहातील देह रसायनांनी टिकवलेला असतो. महाराष्ट्रात १९४९च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमानुसार बेवारस किंवा दान केलेले देह महाविद्यालयांना मिळतात. यांपैकी देहदात्याने शिक्षणासाठी आपला देह वापरण्याची इच्छा हयातीतच व्यक्त केलेली असते.

न्यायवैद्यक शवविच्छेदनाचे तसे नाही. अपघात, आत्महत्या, खून किंवा संशयास्पद मृत्यू झाल्यास पोलीस मृतदेह तपासणीसाठी पाठवतात. पूर्वी ही कार्यवाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ नुसार होत असे. १ जुलै २०२४पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार होते. तिला नातेवाइकांची संमती लागत नाही. केवळ रोगनिदानासाठी रुग्णालयात होणाऱ्या शवविच्छेदनाला मात्र ती आवश्यक असते. पेच इथेच आहे. कायद्याने संमतीची अट वगळली ती मृत्यूचे कारण शोधण्यासाठी, अध्यापनासाठी नव्हे. बाहेर ताटकळणाऱ्या आप्तांना आत विद्यार्थी उभे आहेत, याची अनेकदा कल्पनाही नसते.

तरीही विद्यार्थ्यांना दूर ठेवणे परवडणारे नाही. पदवीनंतर ग्रामीण भागात नेमणूक झालेल्या डॉक्टरवर शवविच्छेदनाची जबाबदारी येते. जखम मृत्यूपूर्वीची की नंतरची, गळ्यावरील वळ गळफासाचा की गळा आवळल्याचा, हे केवळ चित्रे पाहून उमगत नाही. इथे चूक झाली, तर खून पचतो किंवा निरपराधाला शिक्षा होते.

म्हणूनच प्रश्न उपस्थितीच्या मर्यादांचा आहे. सन्मानाचा अधिकार मृतदेहालाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९९५ मध्ये म्हटले. भावना दुखावण्याच्या हेतूने मृतदेहाची विटंबना करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ नुसार गुन्हा आहे. परंतु कायदा विटंबना रोखतो. आदर शिकवावा लागतो. मोजकेच विद्यार्थी, मोबाइलला मज्जाव, तपासणी नसलेला भाग झाकलेला, मृताचे नाव व प्रकरणाची वाच्यता बाहेर नाही, थट्टामस्करी नाही, ही त्याची किमान पथ्ये होत. शक्य तेथे आप्तांना कल्पना देणे हेही त्यांतच येते.

संमती असली म्हणजे सारे साधते, असेही नाही. लंडनमध्ये नोव्हेंबर २००२ मध्ये गुंथर फॉन हागेन्स यांनी तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर शवविच्छेदन केले. देह दान केलेला होता, तरी शिक्षणाचे प्रदर्शन झाल्याची टीका झाली. पाहणारा कशासाठी पाहतो, हाही नीतीचाच निकष आहे.

भारतीय वैद्यकीय अभ्यासक्रमातील नीतिविषयक पाठांत मृतदेहाला ‘पहिला शिक्षक’ म्हटले आहे. शवविच्छेदनगृहातील शिक्षकाने ही भूमिका स्वतः निवडलेली नसते. त्यामुळे शिकणाऱ्यांवरील ऋण अधिकच जड होते.