पणजोबांचा कागद

इगतपुरी तालुक्यातल्या घोटीच्या परिसरात आज पणजोबांचा शोध घेतला जातो, तो बहुतेक वेळा जातीच्या दाखल्यासाठी. महादेव कोळी किंवा ठाकूर कुटुंबाला अनुसूचित जमातीची वैधता हवी असेल तर 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा विचारला जातो. कुणबी नोंद हवी असेल तर 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. मग तहसीलच्या अभिलेख कक्षातले कोतवाल बुक, जिल्हा परिषदेच्या शाळेचे जनरल रजिस्टर, जुनी हक्कनोंद, असे कागद धुंडाळले जातात. हे सगळे कागद सरकारी. डोंगरापलीकडे त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या घरी याच गावांच्या वह्या आहेत. त्यांची आठवण श्राद्धाला होते, दाखल्याच्या वेळी क्वचितच. सरकारी कागद म्हणजे पुरावा आणि भटजींची वही म्हणजे श्रद्धेची बाब, ही वाटणी मला पटत नाही. नोंद कोणी ठेवली यापेक्षा ती कशासाठी ठेवली हे आधी विचारावे. तसे विचारले की दोन्ही दप्तरांची बळकट आणि कच्ची बाजू निराळी दिसू लागते.

पूर्वज शोधण्याच्या बाबतीत जगात सर्वांत हळवा समाज आयरिश मंडळींचा. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने आणि दारिद्र्याने देशोधडीला लागलेल्यांची नातवंडे-पतवंडे आज अमेरिकेतून आणि ऑस्ट्रेलियातून मूळ गाव शोधत येतात, आणि त्यांना आधार असतो तो गावच्या कॅथलिक चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्यांचा. आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद 1864 साली सुरू झाली. त्याआधीच्या पिढ्यांसाठी बहुधा चर्चची वहीच उरते. 1922 च्या जून महिन्यात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीला यादवी युद्धात आग लागली आणि तिथले सरकारी अभिलेखागार भस्मसात झाले. राजमान्य प्रोटेस्टंट चर्चच्या ज्या वह्या सुरक्षिततेसाठी तिथे आणून ठेवल्या होत्या, त्याही जळाल्या. कॅथलिक वह्या वाचल्या, कारण त्या ताब्यात घ्याव्यात असे सरकारला कधी वाटलेच नव्हते. त्या गावोगावच्या पाद्र्यांच्या कपाटांत पडून होत्या. पुढे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांच्या मायक्रोफिल्म केल्या आणि 2015 साली त्या सर्वांना मोफत खुल्या केल्या. खाजगी घरात पडून आहे म्हणून कागद कमअस्सल ठरत नाही, एवढे तरी या उदाहरणावरून मान्य व्हावे.

त्र्यंबकची वही मात्र चर्चच्या वहीसारखी नाही. पाद्री घटना लिहितो: अमुक दिवशी अमुक मुलाचा बाप्तिस्मा, आईबाप कोण, साक्षीला कोण उभे राहिले. आईचे माहेरचे नावही तिथे बहुधा सापडते. पण एक नोंद एका पिढीपुरतीच. दोन नोंदींतला धागा शोधणाऱ्याने स्वतः जुळवायचा, आणि गावात एकाच नावाचे चार पॅट्रिक असले की तो तुटतो. उपाध्यायांच्या वहीत नेमके उलटे आहे. श्राद्धात बाप, आजा, पणजा अशी तीन पिढ्यांची नावे घ्यावी लागतात. त्यामुळे त्र्यंबकच्या कुशावर्त तीर्थावर आलेल्या यजमानाला तो कोणाचा कोण हे सांगावेच लागे, आणि उपाध्यायाला ते टिपून ठेवावेच लागे. गाव, आडनाव, भाऊ, मुले, सोबत आलेले भाऊबंद यांची साखळी तिथे तयार मिळते. जन्मतारीख मिळत नाही, आणि बायकांच्या बाबतीत ही वही फार कंजूष आहे. बापाच्या बाजूने पाच पिढ्या सरळ मागे नेणारी वही आजीच्या माहेराशी येऊन मुकी होते.

कोतवाल बुकाची तऱ्हा तिसरी. गाव नमुना चौदा हा जन्म-मृत्यूचा तक्ता, साथीचा आणि लोकसंख्येचा हिशेब सरकारला कळावा म्हणून ठेवलेला. त्यात तारीख असते, बापाचे नाव असते, जात असते, मृत्यूचे कारणही असते. पण मुलाचे नाव पुष्कळदा नसते, कारण जन्माची वर्दी बारशाआधीच जाई. तिथे नुसते ‘मुलगा’ लिहिलेले. आडनावाचा पत्ता नाही, ‘तुका बिन राघू’ एवढ्यावर काम भागे. लिपी मोडी. घोटीच्या बाजूला याचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो जातीच्या रकान्यात. कोतवालाला आणि पाटलाला गावातला माणूस ठाऊक होता; त्याच्या नावापुढे ‘कोळी’ एवढे लिहिले की पुरे. महादेव कोळी की आणखी कोणता, हा प्रश्न त्याच्यासमोर कधी आलाच नाही. आज त्याच न लिहिलेल्या विशेषणावर नातवाचे शिक्षण आणि नोकरी अडते. 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील खटल्यात महादेव कोळी असल्याचा दावा फेटाळला आणि जात पडताळणीची आजची चौकट घालून दिली. जुन्या शालेय नोंदीतला ‘हिंदू कोळी’ हा शेरा त्या खटल्यात महत्त्वाचा ठरला होता. खोटे दावे अडवलेच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण एका शब्दाच्या नोंदीला उद्या निघणाऱ्या प्रश्नाचे उत्तर मागणे, हा त्या नोंदीवर न झेपणारा भार आहे. अशा वेळी भाऊबंदांची साखळी देणारी वही उपयोगी पडते, कारण त्याच कुळातल्या दुसऱ्या शाखेची नोंद अधिक स्पष्ट असू शकते आणि दोन्ही शाखा एकाच आजाच्या, हे ती वही सांगते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: उपाध्याय हा हितसंबंधी माणूस, दक्षिणेवर जगणारा, त्याच्या वहीवर भरवसा कसा ठेवायचा? हितसंबंध होता हे खरेच, पण तो नीट पाहावा. यजमानकृत्य ही उपाध्यायांची वडिलोपार्जित मिळकत होती. कुठल्या गावचे, कुठल्या आडनावाचे यजमान कोणाचे यावरून त्यांच्यात तंटे होत, ते पंचांपर्यंत आणि कोर्टापर्यंत जात. यजमान आपला आहे हे दाखवायला त्याच्या बापाचा लेख वहीत असावा लागे. चुकीची वंशावळ लिहून उपाध्यायाचा फायदा नव्हता, उलट प्रतिस्पर्ध्याच्या हाती कोलीत मिळाले असते. 1872 च्या पुरावा कायद्यानेही नात्याबद्दल मृत व्यक्तीने केलेले कथन ग्राह्य धरले, ते एका अटीवर: त्याला नाते ठाऊक असण्याचे खास कारण हवे आणि कथन वाद उपस्थित होण्यापूर्वीचे हवे. शंभर वर्षांपूर्वी कुशावर्तावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या स्वप्नातही आरक्षण नव्हते.

तरी एक भेद मी आग्रहाने करीन. यजमानाने स्वतःबद्दल, भावांबद्दल, मुलांबद्दल सांगितले ते साक्षीदाराचे बोलणे. पणज्याच्या वर तो जे सांगतो ती घरात ऐकलेली गोष्ट. तिथे दोन पिढ्या एक होतात, एखादा पराक्रमी पुरुष मध्येच येऊन बसतो. म्हणून जुन्या लेखाला नव्या लेखापेक्षा वजन द्यायचे, आणि अलीकडे सुवाच्य अक्षरात उतरवलेल्या सलग वंशावळीकडे जरा संशयानेच पाहायचे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तीर्थाला जाणारे कोण? काही पदरी असलेले कुणबी, वाणी, वतनदार. डोंगरातल्या ठाकरवाडीतले, कातकऱ्यांच्या पाड्यावरचे लोक आपले विधी आपल्या रीतीने करीत; त्यांचे लेख वहीत सापडले नाहीत तर नवल नाही. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच वहीत नाव नसणे याचा अर्थ काहीच होत नाही, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण न लिहिले जाण्याचा हा अन्याय वहीपुरता नाही. 1865 साली थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि इगतपुरीला गोऱ्या रेल्वेवाल्यांची वस्ती झाली. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तेव्हा इगतपुरीच्या एखाद्या आयरिश इंजिन ड्रायव्हरचा पणतू लंडनमध्ये बसून पणजोबाच्या लग्नाची तारीख काढू शकतो. त्याच घाटात खडी फोडणाऱ्या बाईचा माग लागायला गावदप्तरातल्या एखाद्या ओळीखेरीज काही नाही.

दारणा, वैतरणा, मुकणे, भावली या धरणांनी या भागाचा नकाशाच बदलला. पाण्याखाली गेलेल्या शिवारातली माणसे इकडेतिकडे पांगली, काही घोटीत स्थिरावली. सरकारी दप्तर गावाच्या नावाने लावलेले, त्यामुळे गाव हलले की शोधणाऱ्याची दिशा चुकते. उपाध्याय मात्र मूळ गाव विचारतो आणि तेच पान उघडतो.

कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 साली नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम मराठवाड्यापासून सुरू होऊन राज्यभर पसरले, आणि तहसीलमध्ये धूळ खात पडलेली मोडी दप्तरे प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर उघडली गेली. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ती मागणी आली. पण शोध एका शब्दाचा होता. ‘कुणबी’ जिथे सापडले ती नोंद उचलली गेली. त्याच पानावरच्या कोळ्याची, महाराची, ठाकराची, तेल्याची ओळ तितकीच जुनी आणि कोणाच्या तरी पणजोबाची आहे. शिवाय सुटे पान पुरावा म्हणून लंगडे पडते. मागचे-पुढचे पान, तेच अक्षर, तीच शाई, तारखांचा क्रम पाहूनच मागाहून घुसवलेली ओळ ओळखू येते. आयरिश ग्रंथालयाने वह्या पानोपान, क्रमाने खुल्या केल्या. इगतपुरी तालुक्याचे कोतवाल बुकही तसेच मलपृष्ठासकट स्कॅन व्हायला हवे. त्र्यंबकच्या वह्यांचे काम अवघड आहे, कारण त्या कोणाच्या तरी उपजीविकेचे साधन आहेत आणि मालकीच्या आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे चित्रीकरण अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळ संस्थेने 1970 च्या दशकातच हाती घेतले होते. त्र्यंबकलाही वही घरातच राहील आणि नक्कल बाहेर जाईल अशी बोली उपाध्यायांशी करता येईल. ती करायची तर लवकर करावी. घरांच्या वाटण्या होतात, तशा वह्यांच्याही होतात.