वन अभिलेख, मुंबई इलाख्यातील
ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्याच्या शासकीय वनव्यवस्थापनातून निर्माण झालेली कागदपत्रे. सागवानाच्या बेसुमार तोडीस आळा घालण्यासाठी १८४७ मध्ये दापोडी वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमण्यात आले. या दप्तराला कायदेशीर वजन आले, ते मात्र १८७८ च्या भारतीय वन अधिनियमामुळे. एखादे क्षेत्र राखीव ठरविण्यापूर्वी लोकांचे दावे ऐकून निर्णय नोंदविण्याचे काम त्यानुसार खास अधिकाऱ्याकडे आले. मुदतीत दावा न मांडल्यास हक्क सामान्यतः संपुष्टात येई. लिहिता-वाचता न येणाऱ्या वारली, कातकरी, ठाकर या जमातींना ही अट जाचकच होती.

वादाचे मूळ विशेषतः राबात होते. झाडांच्या फांद्या, गवत व पालापाचोळा भाताच्या रोपवाटिकेवर जाळण्याची ही कोकणातील रीत वनाधिकाऱ्यांना नासधूस वाटे. शेतकऱ्याचे पीक तिच्यावरच अवलंबून असे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोषामुळे १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला गेला. त्याच्या १८८७ च्या अहवालामुळे, वनखात्याच्या दप्तरात एरवी क्वचितच आढळणारी रयतेची बाजू छापील स्वरूपात टिकली.

वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये केलेल्या २००८ च्या नियमांनी गॅझेटिअर, भूमापन व जमाबंदी अहवाल, नकाशे, वनखात्याच्या कार्य आयोजना व वनचौकशी अहवाल यांना दाव्याचा पुरावा म्हणून मान्यता दिली. हक्कांना मर्यादा घालणाऱ्या दप्तरातच त्यांचा शोध घेणे त्यामुळे आवश्यक झाले. इलाख्याचा वनविषयक पत्रव्यवहार मुख्यतः महसूल खात्याच्या दप्तरात असून ते मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे.