पाणचक्की, पैठण आणि बॅटरी

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादेला आलेला पाहुणा पाणचक्की पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. तो हौदातले मासे पाहतो, भिंतीवरून पडणारे पाणी पाहतो नि पुढे चालू लागतो. खालच्या जात्याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. आज मला त्या जात्याविषयीच बोलायचे आहे.

मलिक अंबरने 1610 च्या सुमारास खडकी वसवली आणि डोंगरातले पाणी नहरीने गावात आणले. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी ही चक्की उभी राहिली, तीही त्याच विद्येवर. कोसांवरच्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून बंद वाटेने येई. बंद नळातले पाणी आपल्या उगमाच्या उंचीपर्यंत चढू पाहते. म्हणून ते त्या उंच भिंतीवर चढे आणि खाली पडताना पात्यांवर आदळून जाते फिरवी. दर्ग्यातल्या फकिरांचे पीठ त्यावर निघे. ना बैल, ना बायाबापड्यांचे हात!

आता पहा, पाणी अष्टौप्रहर वाहणार, पण भूक काही अष्टौप्रहर लागत नाही. मग जास्तीच्या पाण्याचे करायचे काय? दळून ठेवायचे. पोत्यातले पीठ हीच त्या शक्तीची साठवण. आपल्या आज्या पहाटे दळण उरकून ठेवीत, त्यांना हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते.

विजेचे तसे नाही. ती तयार होते त्याच क्षणी खर्ची पडावी लागते. म्हणून इंजिनियर मंडळींनी पुन्हा पाण्याचाच आधार घेतला. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला लालबहादूर शास्त्रींनी 1965 साली बसवली. त्या धरणाच्या पायथ्याशी 1984 मध्ये 12 मेगावॉटचा एक संच बसला, तो उलटसुलट चालणारा. गरजेच्या वेळी पाणी सोडून वीज करायची, वीज उरली की तेच यंत्र उलटे फिरवून पाणी वर चढवायचे. याला उदंचन म्हणतात. अकोले तालुक्यातल्या घाटघरचा 250 मेगावॉटचा प्रकल्प याच जातीचा. तो 2008 साली सुरू झाला. यात चार युनिट घातले तर तीनच्या आसपास परत मिळतात. सावकारापेक्षा बरे म्हणायचे!

पण उदंचनाला कडा लागतो, दोन तळी लागतात. हजार लिटर पाणी चारशे मीटरवरून सोडले तर जेमतेम एक युनिट वीज मिळते. तेवढीच वीज सहा-सात किलोच्या लिथियम बॅटरीत मावते, शिशाच्या बॅटरीला तीसेक किलो वजन लागते. सपाट माळावरच्या गावाने काय करावे, याचे उत्तर इथे आहे.

बॅटरी तशी जुनीच. व्होल्टाने पहिली 1800 साली केली. ती एकदा संपली की संपली. पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी प्लाँतेने 1859 साली फ्रान्सात बनवली. वीज नसलेल्या आपल्या खेड्यांत चावडीवरचा रेडिओ बॅटरीवरच बोलू लागला.

आज प्रश्न बातम्यांचा नाही, पाण्याच्या पाळीचा आहे. रात्री दोन वाजता वीज आली म्हणून बॅटरी (हातातली!) घेऊन विंचूकाट्यातून दारे धरायला जाणे ज्याने भोगले, त्याला साठवण म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. माझे मत असे की, दिवसा उन्हावर मोटर चालवून शेततळे भरता येत असेल तर तिथे बॅटरी घेऊ नये. ते पाणीच आपले पीठ. बॅटरी राखावी ती रात्रीच्या दिव्याला, दवाखान्यातल्या लसींच्या फ्रीजला, शाळेला.

आणि ती घेताना एक प्रश्न जरूर विचारावा. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. थंड खोलीत दहा वर्षे टिकलेली बॅटरी गंगापूरच्या पत्र्याच्या खोलीत किती टिकेल? लेण्यांच्या डोंगराखाली 1958 पासून आपले विद्यापीठ उभे आहे. तिथल्या आवारात अशीच एक पत्र्याची खोली बांधावी, तीत वेगवेगळ्या जातीच्या बॅटऱ्या मांडाव्यात, रोज भराव्यात, रोज रित्या कराव्यात आणि चार उन्हाळ्यांच्या नोंदी मराठीत छापून गावोगावच्या शाळांत पाठवाव्यात.