मैदान कोणाच्या नावावर?

एप्रिल आला की कल्याण, डोंबिवली, ठाण्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये जयंतीच्या स्पर्धा सुरू होतात. कुठे फुटबॉल, कुठे क्रिकेट. बॅनर लागतो, करंडक येतो, रात्री उशिरापर्यंत सामने रंगतात. मे महिन्यात त्याच पोरांना विचारा, सराव कुठे करता? उत्तर ठरलेले असते: "जागा मिळेल तिथे." टर्फवर खेळायचे तर एका तासाचे भाडे दहा जणांत वाटून घ्यावे लागते. ज्याच्याकडे पैसे नसतात तो कडेला बसून बघतो.

आपल्याकडे संघ पुष्कळ आहेत, क्लब मात्र फार थोडे. संघ चार दिवसांत जमतो आणि आठव्या दिवशी विखुरतो. क्लब टिकतो, कारण त्याच्या पायाखाली जमीन असते. खेळाचा इतिहास लिहिणारे गोल आणि धावा मोजतात. आम्हाला वाटते, आधी जमीन मोजायला हवी.

मुंबईपासून सुरुवात करू. गोऱ्यांचे बॉम्बे जिमखाना 1875 चे. पुढे समुद्रालगत मरीन लाइन्सला पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना सरकारने एकेक भूखंड दिला. धर्म पाहून मैदाने वाटली गेली. त्या वाटणीत अस्पृश्यांच्या नावाचा भूखंड नव्हता. त्यांना हिंदूंत मोजले, पण हिंदूंच्या पंगतीत बसवले नाही. पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला गोलंदाज 1906 मध्ये युरोपियनांविरुद्ध हिंदूंकडून खेळला. त्याआधी पुण्यात त्याच्याच संघातली माणसे त्याला चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात देत. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. त्याचा भाऊ विठ्ठल 1923 मध्ये कर्णधार झाला, तोही मोठ्या झगड्यानंतर. पाहुणा कितीही गुणी असला तरी घर दुसऱ्याचेच असते.

कोल्हापुरात फुटबॉल कसा रुजला पाहा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तिथल्या फुटबॉल संघांची नावे, आणि मुळात ही तालमींची नावे आहेत. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला. तालमीला वास्तू होती, पेठ होती, वर्गणी देणारे लोक होते. राजर्षी शाहूंनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेसारखे मैदान उभे केले. त्यांच्याच नावाच्या शाहू स्टेडियमवर आजही या संघांचे सामने पाहायला हजारोंची गर्दी होते. व्यावसायिक लीगच्या झगमगाटाची या क्लबांना गरज पडली नाही. पेठेने त्यांना पिढ्यान् पिढ्या पोसले.

पण ज्या वस्तीला पेठेत जागा नव्हती आणि स्वतःची तालीमही नव्हती, तिचे काय?

त्याचे उत्तर नागपुरात मिळते. 2001 चा पावसाळा. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना झोपडपट्टीतली पोरे फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यांनी पोरांना चेंडू दिला. पुढे झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा भरवली, तिला 128 संघ आले. यातून 'स्लम सॉकर' उभे राहिले. 2010 मध्ये रिओ येथे झालेल्या बेघरांच्या विश्वचषकात नागपूरचा अखिलेश पॉल भारताचा कर्णधार होता. 2016 मध्ये फिफाने या संस्थेला विविधता पुरस्कार दिला. संस्थेने नागपूरजवळ बोखारा येथे स्वतःचे मैदान केले.

ही गोष्ट नेहमी एका शिक्षकाच्या दयाळूपणाची म्हणून सांगितली जाते. बारसे सरांचे श्रेय आम्ही कमी करत नाही. पण 128 हा आकडा नीट पाहा. इतके संघ दयेने तयार होत नाहीत. खेळणारे पाय त्या वस्त्यांत आधीपासून होते. त्यांना बोलावणारे मैदान नव्हते. नागराज मंजुळे यांनी 2022 च्या 'झुंड'मध्ये कॉलेज आणि वस्ती यांच्यामधली भिंत दाखवली, ती याच कारणासाठी. भिंतीच्या अलीकडे 'टीम' असते, पलीकडे 'झुंड'. पोरे तीच, मधली भिंत हटली की शब्द बदलतो.

नागपूरचे नाव घेतल्यावर मोकळ्या जमिनीची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. 14 ऑक्टोबर 1956 ला लाखो माणसे जमली ती एका मोकळ्या मैदानावरच.

आता आपल्या दाराशी येऊ. 1982 मध्ये ठाणे महानगरपालिका झाली आणि त्याच वर्षी दादोजी कोंडदेव स्टेडियम. त्या नावाच्या राजकारणावर आपण पुष्कळ भांडलो, आणि ते भांडण योग्यच आहे. पण फाटकावरच्या नावासाठी जितके भांडलो, तितके कागदावरच्या नावासाठी भांडलो का? आपल्या प्रभागात खेळाच्या मैदानाची किती आरक्षणे आहेत, त्यातली किती ताब्यात आली, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

कायदा माहीत असायला हवा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. म्हणजे मैदान गिळायला बुलडोझर लागत नाही, पालिकेने स्वस्थ बसणे पुरते. कलम 37 खाली आरक्षण बदलायचे असेल तर हरकतींसाठी एक महिन्यापर्यंतची मुदत असते. त्या महिन्यात आपण कुठे असतो? बहुधा पुढच्या स्पर्धेच्या वर्गणीत.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. जयंतीचा संघ जयंतीपुरता ठेवू नका. त्याची संस्था म्हणून नोंदणी करा, घटना लिहा, मुलींना पहिल्या दिवसापासून सभासद करा. विकास आराखड्याची प्रत मिळवा, माहिती अधिकारात प्रत्येक आरक्षित मैदानाची स्थिती विचारा, मुदतीत हरकत नोंदवा. वस्तीतल्या ज्येष्ठांना जुनी मैदाने विचारा आणि ती कधी, कशी गेली ते लिहून ठेवा. तोच आपल्या क्लबांचा इतिहास आहे.

बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले. संघटित व्हायला जागा लागते. करंडक कपाटात धूळ खातो. मैदान मात्र पुढच्या पिढीला धावायला मिळते.

जय भीम!