टिपक्यांची लढाई

अल्युशियन बेटांजवळ जुलै 1943 मध्ये झालेला गोळीबार. जपानच्या ताब्यातल्या किस्का बेटाच्या पश्चिमेला रडारवर उमटलेले टिपके म्हणजे जपानी ताफाच, असे समजून अमेरिकी युद्धनौकांनी 14 इंची तोफांचे 518 गोळे डागले. समोरून एकही गोळा आला नाही.

उजाडल्यावर पाण्यावर ना तेलाचा तवंग, ना एखादे फळकूट. ‘सॅन फ्रान्सिस्को’ क्रूझरच्या रडारवर तर काहीच आले नव्हते. आमच्या मते हाच सगळ्यांत बोलका पुरावा.

नौदलाचा खुलासा असा: शंभराहून अधिक मैलांवरच्या डोंगरांवरून परतलेल्या लहरी उशिरा, रडारची पुढची लहर सुटल्यावर पोहोचल्या, म्हणून जवळच्या भासल्या. पाणपक्ष्यांचे थवे हा नंतर मांडलेला तर्कही तितकाच विचारात घेण्याजोगा आहे. पुढे ताफा इंधन भरायला हटला आणि 28 जुलैला जपानने धुक्याआडून किस्कावरचे पाच हजारांहून अधिक लोक सुखरूप हलवले.