सापळ्याचं कूळ

यवतमाळ जिल्ह्याच्या पेपरात महिन्या-दोन महिन्यांनी एक मथळा हमखास येतो : ‘वाघ ट्रॅप कॅमेऱ्यात कैद’. तो छापून येतो तोवर वाघोबा दोन शिवारं ओलांडून कुणाच्यातरी पऱ्हाटीत पंजे चाटत बसलेले असतात. कैद झालेली असते ती फक्त त्यांची एक बाजू. वनखात्यातली माणसं याहून तुटक बोलतात. ‘काल ट्रॅप झाला का?’ ‘झाला. डावी मिळाली, उजवी नाही.’ बाहेरच्याला वाटेल, काहीतरी भयंकर घडलंय. घडलेलं एवढंच असतं की सागाच्या बुंध्याला पट्ट्यानं बांधलेली, गुडघ्याएवढ्या उंचीवरची, जेवणाच्या डब्याएवढी पेटी रात्री एकदा लखकन चमकली.

या पेटीला ‘ट्रॅप’ का म्हणायचं? ती कुणाला पकडत नाही, जखमी करत नाही. तरी नावात सापळा आहे, आणि मराठीत आल्यावर आपण त्याला ‘कैद’ जोडून तो आणखी पक्का केला. सापळ्याचे शब्द आपल्याकडे कमी नाहीत : फास, जाळं, वाघूर. फासेपारध्यांच्या तर नावातच फास आहे. पण या पेटीचं नाव सात समुद्रांपलीकडून आलं, आणि तेही उगाच आलेलं नाही. तिचं कूळच शिकाऱ्याचं.

जॉर्ज शिरास (तिसरा) हा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा वकील, पुढे एकदा अमेरिकेच्या संसदेचा सदस्य. मिशिगनच्या तळ्यांवर तो ओजिब्वे आदिवासींच्या पद्धतीनं रात्रीची शिकार करायचा. होडीच्या टोकाला जाळ पेटवायचा, तो बघून काठावरचं हरीण थिजायचं, डोळे चमकायचे, की बार. १८८९ च्या सुमारास त्यानं बंदुकीच्या जागी कॅमेरा धरायला सुरुवात केली आणि जाळाच्या जागी मॅग्नेशियमची भुकटी. मग त्याच्या लक्षात आलं की होडीत आपण बसायचीही गरज नाही. जनावराच्या वाटेवर दोरी ताणायची, तिचं दुसरं टोक कॅमेऱ्याला. जनावर दोरीला अडखळलं की उजेडाचा भडका आणि फोटो. रानातला फास असाच लावतात, फक्त इथे दोरीच्या टोकाला मान नव्हती. १९०६ च्या जुलैमध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’नं त्याचे ७४ फोटो एका अंकात छापले. भूगोलाच्या गंभीर मासिकात ही कसली चित्रं, म्हणून संस्थेच्या दोन संचालकांनी राजीनामे दिले, असं सांगतात. ते मासिक आज ज्यासाठी ओळखलं जातं, त्याची सुरुवात या रागावण्यापासून झाली!

हीच दोरी हिंदुस्थानात वाघाच्या वाटेवर आणली एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी. संयुक्त प्रांतातले वनाधिकारी, बंदुकीचा कंटाळा आलेले. हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात ते संध्याकाळी तार ताणून कॅमेरा लावायचे आणि घरी जायचे. काचेची प्लेट एकच, म्हणजे रात्रीतून फोटोही एकच. साळिंदर आधी आलं तर त्या रात्री वाघ येऊन गेला काय, न गेला काय, सारखंच. मनासारखा वाघ मिळायला त्यांना वर्षं लागली. १९२५ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’नं ते फोटो छापले, १९२७ मध्ये पुस्तक आलं. या फोटोंवरून त्यांना जे दिसलं ते आज यवतमाळातल्या टिपेश्वर अभयारण्याच्या प्रत्येक वनरक्षकाला पाठ आहे : दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एकाच वाघाची डावी आणि उजवी बाजूसुद्धा सारखी नसते.

ही गोष्ट १९२०च्या दशकात कळूनही सरकारी वाघ पुढची कित्येक वर्षं पावलांवरूनच मोजले गेले. ओडिशाचे सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये ती पद्धत बसवली. ठशावर काच ठेवायची, वरून रेघ ओढायची, कागदावर उतरवायची. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी मोजणीत १,८२७ वाघ भरले ते असेच. पद्धत स्वस्त होती आणि जंगलात पायी फिरणाऱ्या माणसाला साजेशी होती. पण एकाच वाघाचा ठसा चिखलात वेगळा, धुळीत वेगळा, आणि काढणाऱ्याचा हात तिसराच. नागरहोळेत उल्हास कारंथ यांनी १९९०च्या दशकात फोटो आणि संख्याशास्त्र एकत्र आणलं. आज मिळालेल्या वाघांपैकी किती जण उद्या पुन्हा मिळतात, त्यावरून न मिळालेले किती हे काढायचं. त्यांचा निबंध १९९५ चा. दिल्लीला मात्र तो पटायला २००५ साल यावं लागलं. त्या वर्षी राजस्थानच्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही नव्हता. मग २००६ च्या मोजणीत कॅमेरे आले आणि आकडा १,४११ वर उतरला.

तोवर दोरीही गेली होती. आधी तिच्या जागी अदृश्य अवरक्त किरण आला, मग तोही गेला आणि उरला उष्णता ओळखणारा संवेदक. अमेरिकेत हरणाच्या शिकाऱ्यांसाठी हे कॅमेरे डझनांनी विकले जात होते. हंगामाआधी कुठल्या वाटेनं मोठ्या शिंगांचा नर जातो ते कळावं म्हणून. आपल्या व्याघ्रगणनेनं उचलला तो हाच बाजार. कूळ पुन्हा शिकाऱ्याचंच.

ही उष्णतेची गोष्ट जरा जवळून बघण्यासारखी आहे, कारण यवतमाळात ती फसते. पेटीच्या पोटात एक संवेदक असतो, त्याचे दोन भाग. समोरून येणारी उष्णता दोन्ही भागांवर सारखी पडली तर तो झोपलेला. एका भागावर जास्त, दुसऱ्यावर कमी असं झालं, म्हणजे समोरून काहीतरी कोमट सरकलं, की तो जागा होतो. म्हणजे त्याला वाघ कळतच नाही; आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी हललं, एवढंच कळतं. आता मे महिना घ्या. दुपारी ४४-४५ अंश. खडक वाघाच्या अंगाइतकाच तापलेला. त्यावरून वाघ गेला तरी संवेदकाला फरक पडत नाही, आणि वाळलेलं गवत वाऱ्यानं हललं की मात्र तो ताडकन उठतो.

हे मी पुस्तकात नंतर वाचलं, आधी भोगलं. शेतात डुकरं कुठून शिरतात ते बघायला एक स्वस्तातला कॅमेरा घेतला आणि बांधावरच्या बोरीला बांधला. तोंड पूर्वेला, समोर गुडघाभर कुसळी गवत. आठ दिवसांनी कार्ड काढलं तर ते भरलेलं. दीड-दोन हजार फोटो, सगळे गवताचे, त्यात निम्मे सकाळच्या उन्हानं पांढरेफटक. शेजारच्या शेतातले काका मोबाईलवर एकेक सरकवत म्हणाले, ‘भाऊ, तुमी त वाऱ्याचे फोटो काढले.’ एका फोटोत कडेला शेपूट होतं. रोह्याचं की गाईचं, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. आणि सगळ्या फोटोंवर तारीख १ जानेवारी, कारण सेल बदलताना घड्याळ शून्यावर गेलं होतं आणि मी ते बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून कुणी ‘कॅमेरा कोणता घेऊ’ विचारलं की मी मेगापिक्सेलचं बोलू देत नाही. डब्यावर सगळ्यात मोठा छापलेला आकडा सगळ्यात कमी कामाचा. विचारायचं ते हे, की हालचाल दिसल्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ लागतो. सेकंदाहून जास्त लागत असेल तर आयुष्यभर शेपट्याच मिळतील. दुसरं, रात्रीचा उजेड कसला? पांढऱ्या फ्लॅशनं पट्टे लख्ख येतात, पण चोरालाही कॅमेरा दिसतो. अवरक्त दिवे लपून राहतात, पण फोटो करडा आणि हललेला. वाघ ओळखायचा तर पांढरा, बांधावर डुक्कर किंवा माणूस बघायचा तर अवरक्त, असा माझा हिशेब.

लावायची रीत वनरक्षकाकडून शिकावी. कॅमेरे दोन, वाटेच्या दोन बाजूंना, म्हणजे डावी-उजवी एकदमच मिळते. पण अगदी समोरासमोर नाहीत, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या डोळ्यात. तोंड उत्तर-दक्षिण. समोरची रायमुनिया आणि गवत साफ. मग तो स्वतः ओणवा होऊन, जवळजवळ चार पायांवर, वाघासारखा समोरून जातो. दिवा लागला तर ठीक, नाहीतर पट्टा सोडून पुन्हा बांधायचा. शेवटी पाटीवर कॅमेऱ्याचा नंबर, जागा आणि तारीख लिहून ती भिंगासमोर धरायची. कार्डावरचा पहिला फोटो या पाटीचा. घड्याळ चुकलं तरी निदान सुरुवात कुठली ते कळतं. दिवसाचे फोटो छान आणि रात्रीचे काळे येत असतील तर कॅमेरा दुकानात नेऊ नका, सेल बदला. फ्लॅशला जोर लागतो आणि अर्धमेले सेल पहिला मार तिथेच खातात. काहीच येत नसेल तर झाकण उघडा. आत मुंग्यांनी अंडी घातलेली निघाली, असंही होतं.

बाजारात याच्या शेजारच्या फळीवर असतो तो सीसीटीव्ही, पण तो याच्या कुळातला नव्हे. त्याचा जन्म युद्धातला. १९४२ मध्ये जर्मनांनी व्ही-२ अग्निबाणाचं उड्डाण लांबून, जिवाला धोका न होता बघता यावं म्हणून तो लावला. म्हणून त्याचा स्वभाव राखणदाराचा : डोळा कायम उघडा, तारेनं वीज, तारेनंच चित्र डीव्हीआरकडे, आणि डिस्क भरली की जुनं पुसून नवं. ट्रॅप कॅमेरा सापळ्यासारखा पडून राहतो. काही झालं तरच उठतो. आणि सापळ्याचा नियम त्यालाही लागू : रोज जाऊन बघणारा कुणी नसेल तर तो लावून उपयोग नाही.

हे सगळ्यात कडू रीतीनं कळलं ते आपल्याच जिल्ह्यात. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात १३ माणसं वाघाच्या हल्ल्यात गेली, असा वनखात्याचा हिशेब होता. कापसाच्या शिवारात, गुरांमागे, नाल्याकाठी गेलेली ही माणसं. टी-१ नावाच्या वाघिणीवर बोट होतं; बाहेरच्या जगात ती ‘अवनी’ झाली. मारण्याचा हुकूम एका ठरावीक वाघिणीचा होता, म्हणून पट्टे जुळणं हाच मुख्य प्रश्न. शिवारभर कॅमेरे लागले. त्यांनी ती कोण ते सांगितलं, तिच्यामागे दोन बछडे आहेत तेही सांगितलं. पण फोटो रात्री दोनचा, कार्ड काढलं सकाळी, संगणकावर बघितलं दुपारी. तोवर ती पांदण, पऱ्हाटी आणि झुडपी जंगल ओलांडून भलतीकडेच. कॅमेरा कायम काल ती कुठे होती ते सांगत होता आणि गावाला हवं होतं आज रात्रीचं. मग हत्ती आले, ड्रोन आले, आणि केल्विन क्लाइनचं ‘ऑब्सेशन’ हे पुरुषांचं अत्तर. त्यातला जवादी मांजराच्या गंधासारखा वास मोठ्या मांजरांना ओढतो म्हणून. शंभर वर्षांचं तंत्र शेवटी आमिषावर आलं! २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीनं मेली. त्या रात्रीचे नियम पाळले गेले नाहीत, असं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीनं नंतर म्हटलं. गोळी सुटली त्या क्षणाचा फोटो कुठल्या ट्रॅप कॅमेऱ्यात असल्याचं ऐकिवात नाही.

त्याच वर्षीच्या देशव्यापी मोजणीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३,४८,५८,६२३ फोटो निघाले. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्यांत वाघाचे ७६,६५१. म्हणजे साधारण साडेचारशे फोटोंमागे एक. बाकी बिबटे, डुकरं, गुरं, सरपण आणणाऱ्या बाया आणि, माझ्या अनुभवावरून सांगतो, बरंचसं गवत. हे सगळं संगणकानं निवडलं तरी शेवटी पट्ट्याला पट्टा लावून बघणारा माणूसच लागतो. त्याच्या डोळ्यांचा विक्रम कुठे नोंदलेला नाही.

आणि खरी दोरी अजून जंगलातून गेलेली नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेचा फास टिपेश्वरच्याच एका वाघिणीच्या मानेत रुतून बसला होता. तो फास घेऊन ती हिंडत राहिली, आणि २०२५ मध्ये बेशुद्ध करून तो काढला गेला. शिरासनं ज्या फासासारखी दोरी ताणली तो आणि त्याचा नातू, दोघं एकाच जंगलात, एकाच जनावराच्या वाटेवर.

टिपेश्वर अभयारण्य अवघं १४८.६३ चौरस किलोमीटरचं. वयात आलेल्या नरांना ते पुरत नाही. २०१९ मध्ये इथला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि १,३०० किलोमीटर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. दुसऱ्याच्या गळ्यात काहीच नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात, जिथे वाघाची कुणाला अपेक्षाच नव्हती, ट्रॅप कॅमेऱ्यात एक वाघ आला. जुन्या फोटोंशी पट्टे जुळवले तर तो टिपेश्वरचा निघाला. त्याला बेशुद्ध करून पकडायला पथक आलं, काही महिने बालाघाटाच्या डोंगरांत हिंडलं. वाघ कॅमेऱ्यात पुन्हा पुन्हा ‘कैद’ झाला. पथक रिकाम्या हातानं परत गेलं.