एरंडेलापासून फोर-स्ट्रोकपर्यंत : मोटारसायकलच्या ऑईलचा इतिहास आणि आपल्या सवयी



इतिहासाच्या व्याख्यानात इंजिन ऑईल कुठून आलं, असं काही जणांना वाटलं असेल. आपल्या भागात माहुलीचा किल्ला आहे, नाणेघाट आहे, त्यावर बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. पण डोळखांबच्या नाक्यावर पाच मिनिटं उभे राहा आणि समोरून काय जातं ते बघा. लोकल गाठायला आसनगावला निघालेला पोरगा, भेंडीची पोती बांधलेला शेतकरी, आजारी माणसाला मध्ये बसवून दवाखान्यात नेणारे दोघे भाऊ. सगळे मोटारसायकलवर. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांमध्ये आज घराचा आधार असलेलं यंत्र हेच आहे. आणि त्या यंत्राचं आयुष्य ठरतं ते एक लिटरच्या आसपास असलेल्या ऑईलवर.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, उगाच एरंडाचं गुऱ्हाळ नको. गेल्या शंभर वर्षांत आपली गाडी दोन वेळा बदलली. प्रत्येक वेळी नवी गाडी दारात आली, पण वंगणाची सवय जुन्या गाडीचीच राहिली. आज ऑईलबद्दल होणाऱ्या बहुतेक चुका या अडाणीपणाच्या नाहीत, त्या जुन्या गाडीच्या शहाणपणाच्या आहेत.

आता एरंडाचं नाव निघालंच आहे तर तिथूनच सुरू करू. बैलगाडीच्या आसाला आपण वंगण घालत होतो. त्यात एरंडेल असायचं, कधी इतर तेलं. गाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असायची. चाक कुरकुरलं की वंगण घालायचं, एवढाच नियम. जास्त पडलं तर ओघळून जाईल, नुकसान काही नाही. आणि जुनं वंगण पूर्ण काढून नवं भरण्याचा प्रश्नच नव्हता.

हे एरंडेल फक्त बैलगाडीचं होतं असं समजू नका. चार्ल्स वेकफिल्ड नावाच्या माणसाने १८९९ साली लंडनमध्ये वंगणाचा धंदा सुरू केला. नव्याने आलेल्या मोटारी आणि विमानांच्या इंजिनांसाठी त्याने खनिज तेलात एरंडेल मिसळून पाहिलं. एरंडेलाचं इंग्रजी नाव ‘कॅस्टर’, त्यावरून त्याच्या ऑईलचं नाव पडलं ‘कॅस्ट्रॉल’. एरंडेलाचा गुण असा की तापल्यावरही ते धातूला धरून राहतं. दोष असा की जळून चिकट थर साठतो. पुढे खनिज तेल सुधारत गेलं, त्यात निरनिराळी रसायनं आली आणि एरंडेल मागे पडलं. नाव तेवढं डब्यावर राहिलं.

आता दुसरी गाडी. स्वातंत्र्यानंतर साठच्या दशकात म्हैसूरची जावा आली, एस्कॉर्ट्सची राजदूत आली, पुण्याहून बजाजच्या स्कूटर यायला लागल्या. १९७२ मध्ये कायनेटिकची लुना आली. या सगळ्या टू-स्ट्रोक. त्यात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण इंजिनाच्या खालच्या पेटीतून, म्हणजे क्रँककेसमधून वर जातं. त्यामुळे तिथे ऑईल भरून ठेवता येत नाही. मग ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं. स्कूटरला लिटरमागे साधारण वीस मिली, जुन्या जावा-राजदूतला त्याहून जास्त. पंपावर मापाने ऑईल टाकून गाडी हलवणारी माणसं इथल्या वडीलधाऱ्यांना चांगली आठवत असतील.

या गाडीने आपल्याला तीन गोष्टी शिकवल्या. एक, ऑईल पेट्रोलबरोबर जळतं, म्हणून ते घालत राहायचं. दोन, कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, म्हणून थोडं जास्तच बरं. तीन, सायलेन्सरमधून धूर येणारच, त्यात काळजीचं काही नाही. त्या गाडीसाठी हे तिन्ही धडे जवळजवळ बरोबर होते. गिअरचं ऑईल वेगळं असायचं, ते बदलावं लागे, पण त्याची आठवण क्वचितच कुणाला व्हायची.

त्याच काळात रस्त्यावर फोर-स्ट्रोक गाडीही होती, मद्रासची बुलेट. १९५५ पासून. पण जुन्या बुलेटमध्ये इंजिनाचं ऑईल वेगळं, गिअरबॉक्सचं वंगण वेगळं आणि क्लचच्या पेटीतलं ऑईल वेगळं. म्हणजे एका घरात तीन चुली. कुठे काय घालायचं हे मिस्त्रीला माहीत असायचं आणि एका चुलीतली चूक दुसरीत जात नसे.

तिसरी गाडी आली १९८५ मध्ये. हिरो होंडाची सीडी १००. शंभर सीसीची, लहान, फोर-स्ट्रोक. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरा, अशा अर्थाची तिची जाहिरात देशभर गाजली. ती बोलत होती पेट्रोलबद्दल, कारण गाडी फार कमी पेट्रोल प्यायची. ऐकणाऱ्याने मात्र ‘विसरा’ हा शब्द ऑईललाही लावला. पुढे १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. दुचाकीच्या धुराचे नियम १९९१, १९९६ आणि २००० असे टप्प्याटप्प्याने कडक झाले आणि टू-स्ट्रोक मागे पडत गेली. दिल्लीत तर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९८ च्या अखेरपासून पंपावरचं सुटं टू-टी ऑईलच बंद झालं.

या लहान फोर-स्ट्रोक गाडीने तिन्ही चुली एक केल्या. एकच ऑईल पिस्टनला, तेच क्लचला, तेच गिअरला. आपली अडचण इथून सुरू होते.

टू-स्ट्रोकमध्ये ऑईल जळून जायचं, म्हणजे इंजिनाला दर वेळी नवं ऑईल मिळायचं. फोर-स्ट्रोकमध्ये तेच ऑईल हजारो किलोमीटर फिरतं. काजळी, धातूचा बारीक चुरा, जळणातला ओलावा, सगळं पोटात घेतं. ते काळं पडतं ते बिघडल्यामुळेच असं नाही, घाण उचलणं हे त्याचं कामच आहे. पण घाण उचलण्याची ताकद संपते. तेव्हा ते बदलायला हवं. आपण काय करतो? कमी झालं की वरून थोडं ओततो. पातळी बरोबर दिसते, आतलं ऑईल म्हातारंच राहतं. चहाच्या त्याच चोथ्यावर पुन्हा पुन्हा पाणी ओतल्यासारखं. ही टू-स्ट्रोकची सवय.

‘थोडं जास्तच बरं’ ही सवय तर बैलगाडीपासूनची. फोर-स्ट्रोकमध्ये खुणेच्या वर ऑईल भरलं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो, दाब वाढतो आणि ऑईल एअर फिल्टरकडे ढकललं जातं. आणि धूर? फोर-स्ट्रोकच्या सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येतो तेव्हा ऑईल जळत असतं. रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील गेले असण्याची शक्यता. टू-स्ट्रोकचा नेहमीचा धूर इथे दुखण्याची खूण आहे.

आता डब्यावरचे आकडे. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ पासून ऑईलच्या जाड-पातळपणाची वर्गवारी सुरू केली. १० डब्ल्यू ३०, २० डब्ल्यू ४० हे आकडे त्या वर्गवारीचे. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा कडक थंडीतलं वागणं सांगतो. २० डब्ल्यूची एक चाचणी उणे १५ अंशांवर होते, १० डब्ल्यूची उणे २५ वर. आपल्याकडे डिसेंबरातही तशी थंडी कुणी पाहिलेली नाही. नंतरचा आकडा शंभर अंशांवर तापलेलं ऑईल किती जाड राहतं ते सांगतो, आणि आपल्या उन्हाळ्यात, घाटात त्याचंच काम जास्त. पण पहिला आकडा अगदीच बिनकामाचा नाही. सकाळी पहिली किक मारल्यावर पातळ ऑईल हेडपर्यंत लवकर पोचतं, आणि इंजिनाची बरीचशी झीज त्याच वेळी होते.

मग कोणतं चांगलं? हिरो आणि होंडाच्या बहुतेक शंभर-सव्वाशे सीसी गाड्यांच्या पुस्तिकेत १० डब्ल्यू ३० असतं. बजाजच्या अनेक गाड्यांना २० डब्ल्यू ५०. यामाहाच्या सुरुवातीच्या एफझीला २० डब्ल्यू ४०. नंतरच्या, इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या बुलेटला १५ डब्ल्यू ५०. हे सगळे कारखाने याच देशात, याच उन्हात गाड्या विकतात. तरी आकडे वेगळे, कारण आतल्या फटी, ऑईलचा पंप, वाटा वेगळ्या. म्हणून ‘आमच्याकडे ऊन फार, जाडच टाका’ हा नियम सरसकट चालत नाही. पातळ ऑईलसाठी बांधलेल्या इंजिनात जाड ऑईल टाकलं तर ते वर उशिरा पोचतं आणि ॲव्हरेजही थोडं पडतं.

यापेक्षा महत्त्वाची आणि बहुतेकांना ठाऊक नसलेली खूण म्हणजे जासो. नव्वदच्या दशकात मोटारींच्या ऑईलमध्ये पेट्रोल वाचवण्यासाठी घसरण वाढवणारी रसायनं जास्त पडायला लागली. मोटारीला ते चाललं, तिचा क्लच कोरडा असतो. मोटारसायकलचा क्लच मात्र त्याच ऑईलमध्ये बुडालेला. त्याला घसरण नको, पकड हवी. शिवाय गिअरचे दात ऑईलमधले लांब रेणू चिरडतात आणि ऑईल लवकर पातळ होतं, तो त्रास वेगळाच. म्हणून जपानमध्ये १९९८ साली फोर-स्ट्रोक मोटारसायकलसाठी जासो हे वेगळं मानक केलं. डब्यावर ‘एमए’ किंवा ‘एमए २’ असेल तर ते ओल्या क्लचसाठी. ‘एमबी’ हे घसरणाऱ्या जातीचं, गिअर नसलेल्या स्कूटरला चालतं, कारण तिचा क्लच कोरडा असतो. चारचाकीचं उरलेलं महागडं ऑईल भावाच्या बाईकमध्ये ओतलं आणि माळशेज चढताना इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी ओढत नाही, असं झालं तर नवल नाही.

निवड करायची तर क्रम असा ठेवा. आधी पुस्तिकेतला आकडा. मग जासो एमए. मग एपीआयची अक्षरं, एसजे, एसएल, एसएन अशी. पुस्तिकेत आहे त्याच्या खाली उतरू नका. आणि ब्रँड शेवटी. साधं ऑईल वेळेवर बदलणारा माणूस महागडं सिंथेटिक भरून विसरणाऱ्याच्या पुढे राहतो. सुटं ऑईल मात्र घेऊ नका. वंगण तेलातल्या भेसळीचा प्रश्न एवढा मोठा होता की केंद्र सरकारला १९८७ मध्ये अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली त्यासाठी वेगळा आदेश काढावा लागला. सील असलेला डबा घ्या आणि रिकामा झाला की त्याला भोक पाडा, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही.

एक शेवटचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो. बैलगाडीचं वंगण मातीत जिरायचं. टू-स्ट्रोकचं हवेत जायचं. फोर-स्ट्रोकचं काळं ऑईल हातात उरतं. आपण ते वाळवी लागू नये म्हणून खांबांना फासतो, उरलेलं गटारात किंवा ओढ्यात. त्यात जड धातू असतात, अर्धवट जळलेलं पेट्रोल असतं. आपल्या तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. मुंबई आपल्या डोंगरांचं पाणी पिते, पण त्याआधी आपल्याच विहिरी आणि आपलीच गुरं ते पितात. कायद्याने वापरलेलं ऑईल घातक कचरा आहे, आणि एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून शुद्ध करून घेण्याची जबाबदारी ऑईल कंपन्यांवरही आली आहे. ते शुद्ध होऊ शकतं, पुन्हा वंगण होऊ शकतं. गॅरेजवाल्याने एका पिंपात साठवलं आणि नोंदणी असलेल्या गोळा करणाऱ्यालाच दिलं, तरी खूप झालं.

वेळ झालाय, पण दोन प्रश्न घेतो.

(श्रोत्यांतून : सर, गाडी दिवसाला पाच-सहा किलोमीटरच चालते. मग ऑईल वर्षभर राहिलं तर चालेल का?)

चांगला प्रश्न आहे, दादा. कमी पळणारी गाडी ऑईलला जास्त त्रास देते. इंजिन पूर्ण तापत नाही, त्यामुळे आतला ओलावा उडून जात नाही, तो ऑईलमध्येच राहतो. पुस्तिकेत किलोमीटरबरोबर महिनेही दिलेले असतात. दोन्हींपैकी जे आधी भरेल ते धरायचं.

(श्रोत्यांतून : पावसात ओढ्यातून गाडी काढली, इंजिनात पाणी गेलं का ते कसं ओळखायचं?)

डिपस्टिक काढून बघा. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. मग किक मारायची नाही, सेल्फ तर मुळीच नाही. आधी ऑईल काढायचं, नवं भरायचं, मग सुरू करायची. अशा वेळी ‘बघू, चालतंय तोवर चालवू’ म्हटलं की इंजिनाचं काम निघतं आणि पेरणीच्या दिवसांत महिनाभराचे पैसे गॅरेजमध्ये जातात.

एक काम सांगून थांबतो. घरी गेल्यावर गाडीची पुस्तिका शोधा. बहुतेकांच्या कपाटात ती न उघडलेली सापडेल. तिच्यातला आकडा आणि मागच्या वेळी ऑईल बदललं ती तारीख, दोन्ही टाकीखाली किंवा सीटखाली रंगाने लिहून ठेवा. पुढच्या वेळी ओतायचं का बदलायचं, ते सवयीला नका विचारू, त्या तारखेला विचारा.